रतिलालभाईंची डबी

आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरला पासवर्ड टाकायची वेळ झाली की हजर असलेल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियम होता. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. रक्त द्यायला आलेल्या आजोबांनी, त्यांना धरून आणणाऱ्या सुनेने, फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसाने, आणि एकदा तर सात महिन्यांच्या गरोदर बाईनेसुद्धा. नियम रतिलालभाईंचा. ते स्वतः हजर असले की चौकातल्या पोलिसासारखे हात वर करून एकेकाला फिरवत, मग माझ्या खुर्चीशेजारी येऊन कुजबुजत, "मांगे कोन उभं शे?"

"कोणी नाही, भाई."

"नीट देख."

मी नीट बघायची. मागे फक्त भिंतीकडे तोंड केलेले सात-आठ पेशंट असायचे. मग रतिलालभाई स्वतःही भिंतीकडे तोंड करत आणि मी पासवर्ड टाकायची. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, इथे रोज काहीतरी प्रार्थना होते.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. त्यांचं नाव रतिलालभाई नाही. हे लिहू का, असं विचारलं तेव्हा त्यांनी नाव आणि गाव बदलायच्या अटीवर हो म्हटलं. नवीन नावही त्यांनीच सुचवलं आणि आठ दिवसांनी फोन करून ते नाव ओळखू येण्यासारखं आहे म्हणून दुसरं दिलं. हे तिसरं आहे. गावाचं त्यांनी बरेच दिवस ठरवलं नाही, शेवटी कळसाडी चालेल म्हणाले. तेव्हा कळसाडी.

मी कल्पना, शहाद्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढणं, तपासणं आणि रिपोर्ट कॉम्प्युटरवर चढवणं हे माझं काम. माहेर धानोऱ्याचं, सासर शहाद्यातच. लॅब आमच्या डॉक्टर मॅडमची, आणि रिपोर्टचा प्रोग्रॅम रतिलालभाईंनी लिहिलेला. तापीकाठच्या कळसाडीतल्या ऊस-केळीवाल्या मोठ्या घरातला हा माणूस. दोघे भाऊ शेती बघतात, याने नंदुरबारला कॉम्प्युटर शिकून दवाखाने, लॅब, कापसाच्या जिनिंग यांचे प्रोग्रॅम लिहून द्यायचा उद्योग धरला. उंच, वाकलेला, पांढरा शर्ट कायम वरच्या गुंडीपर्यंत बंद. लग्न केलेलं नाही. का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "बाई घरमां उनी का पहिले पासवर्ड इचारस."

इंटरनेटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांचा प्रोग्रॅम त्या त्या मशीनवरच चालतो आणि मशीनबाहेर जात नाही. पण त्यांची खरी भीती होती पासवर्डच्या चौकटीची. ती पडद्यावर एक लहानशी पांढरी पट्टी असते ना, जिच्यात आपण अक्षर दाबलं की काळा ठिपका उमटतो, ती. तिला ते डबी म्हणत.

मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला समोर बसवून एक प्रयोग दाखवला. म्हणाले, "टाक तुन्हा पासवर्ड." मी टाकला. आठ ठिपके उमटले. त्यांनी खिशातला पेनड्राइव्ह लावला, एक छोटा प्रोग्रॅम उघडला आणि त्यातलं भिंगाचं चित्र ओढत नेऊन माझ्या ठिपक्यांवर ठेवलं. खाली मोठ्या अक्षरांत माझा पासवर्ड आला. माझ्या मुलीचं घरातलं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

मला एकदम उघड्यावर पडल्यासारखं झालं.

"ठिपका म्हणजे फक्त घुंघट शे, ताई," ते म्हणाले. "मांगे बाई बठेलच शे. दुसरा प्रोग्रॅम येस, तिले इचारस, बाई तुन्हं नाव काय? आनि ती भोळी सांगी टाकस. साधी डबी अशीच ऱ्हास. कोनी बी इचारं तर बोलस."

त्या दिवसापासून त्यांनी आमची डबी बदलायला घेतली. पहिल्यांदा ठिपके बिघडवले. एक अक्षर दाबलं की कधी तीन ठिपके यायचे, कधी एकही नाही, म्हणजे मागून बघणाऱ्याला अक्षरं मोजता येऊ नयेत. मलाही मोजता यायची नाहीत. मग पासवर्डचे दोन भाग केले. पहिला भाग कीबोर्डवर, दुसरा भाग पडद्यावरच्या आकड्यांवर माउसने. आणि ते आकडे दर वेळी जागा बदलायचे. आज सात वरच्या कोपऱ्यात, तर उद्या मधोमध. कीबोर्डवरची बटणं चोरून टिपणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना अर्धाच पासवर्ड मिळावा म्हणून हे.

मग खोलीची पाळी आली. बेसिनवरचा आरसा काढला, कारण त्यात कीबोर्ड दिसतो. काचेची सरस्वतीची तसबीर समोरच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर गेली, मग मागूनही दिसतं म्हणून मॅडमच्या केबिनमध्ये गेली. शेवटी ते मॅडमच्या चष्म्यापर्यंत पोचले.

"मॅडम, आपल्या काचेत पडदा दिसतो. पासवर्ड टाकताना चष्मा काढत जा."

"चष्मा काढला तर मला कीबोर्ड दिसत नाही, रतिलाल."

"उत्तम. म्हणजे कुणालाच दिसणार नाही."

मॅडमशी ते शाळेतलं मराठी बोलत आणि आमच्याशी अहिराणी. मॅडम चिडल्या की म्हणायच्या, तुमचा पासवर्ड टाकून होईपर्यंत माझा पेशंट बेशुद्ध पडेल. त्यावर रतिलालभाई शांतपणे म्हणायचे, "बेशुद्ध पडला तर तुम्ही उठवाल, मॅडम. बाहेर गेलेलं नाव कोण उठवणार?"

यावर मॅडम चष्मा काढून ठेवायच्या. कारण आमच्या मशीनमध्ये खरोखरच अशी नावं होती. एचआयव्हीचे रिपोर्ट त्याच मशीनमध्ये असतात. लहान गाव, सगळे एकमेकांच्या नात्यातले. एक कागद बाहेर गेला तर माणसाला त्याच्या घरात पाणी मिळणार नाही, हे आम्हाला माहीत होतं.

मागच्या वर्षी ते दिवसभर मशीनला चिकटून बसले आणि संध्याकाळी हात झटकत उठले. म्हणाले, "डबी पक्की व्हयनी. आते तिले मी बोलानं शिकाडेल शे."

"काय बोलते?"

"ते तुले नही सांगनार. तू घाबरट शे. कोनी डोळा वटारा तर सांगी देशी."

मला राग आला होता. पण घाबरट मी आहेच, हे पुढे सिद्ध झालं.

झालं असं. मॅडम आठवडाभरासाठी सुरतेला लेकीकडे गेल्या होत्या. त्या सोमवारी दुपारी लॅबमध्ये मी एकटी. चाळिशीचा एक माणूस पाठीवर बॅग घेऊन आत आला आणि म्हणाला, "प्रिंटर बघायला आलोय. मॅडमनी पाठवलंय." प्रिंटर खरंच दोन दिवस त्रास देत होता. मी मॅडमना फोन लावला, तो लागला नाही. माणूस साधा दिसत होता, ताई ताई करत होता. रतिलालभाईंचा नियम होता की अनोळखी माणसाचा हात कीबोर्डला लागता कामा नये. पण मी म्हटलं, जाऊ दे, प्रिंटर तर चालू होईल.

त्याने पेनड्राइव्ह लावला, "प्रिंटरची फाईल टाकतो" म्हणाला, पाच मिनिटं काहीतरी केलं. प्रिंटर चालू झाला. पैसे घेतले नाहीत. "गुरुवारी परत एकदा बघून जातो" म्हणाला आणि गेला.

पैसे घेतले नाहीत, याचं मला त्या दिवशी बरंच वाटलं.

मंगळवारी सकाळी सुनंदा आली. हेही नाव बदललेलं. तापीकाठच्या गावातली अंगणवाडीताई, वय तिशीच्या आत, नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला, एक मुलगी. नवऱ्याच्या पाठोपाठ तिचीही तपासणी आमच्याच लॅबमध्ये झाली होती आणि ती पॉझिटिव्ह निघाली होती. गोळ्या चालू होत्या, तब्येत उत्तम होती. दर सहा महिन्यांनी ती आमच्याकडे लिव्हर-किडनीची तपासणी करून जायची, कारण इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. गावात कुणाला पत्ता नव्हता.

मी तिच्या दंडाला पट्टा बांधत होते. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमना कॉम्प्युटर कोनी उघाडू शकस का?"

"का गं?"

"मन्हा देर सांगस, या हप्तामां तुन्हा कागद मन्हा हातमां ई जाई. मंग देखसू तू या घरमां कशी ऱ्हास." तिचा दीर. त्याला वाटणीतून तिचं आणि मुलीचं नाव काढायचं होतं. तिला काय झालंय याचा त्याला संशय होता, पुरावा नव्हता. "मन्हा पिशवीमां त्याले तुमनी पावती सापडेल शे. सांगस, शहादाना माणूस लायेल शे. कॉम्प्युटरवाला."

सुई माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली आणि शीर सापडत नाही असं खोटंच म्हटलं. मला सोमवारचा माणूस दिसत होता. त्याचा पेनड्राइव्ह, आणि पैसे नकोत म्हणतानाचं त्याचं हसणं. तो प्रिंटर दुरुस्त करायला आलाच नव्हता. तो माझ्या डबीवर कुणीतरी बसवून गेला होता. मी रोज पासवर्ड टाकणार, ते वाचून ठेवणार, आणि गुरुवारी हा येऊन ते घेणार. मग मशीन उघडायला किती वेळ!

सुनंदाचं रक्त काढलं आणि यातलं काही तिला सांगितलं नाही. "गुरुवारी रिपोर्ट घ्यायला ये" एवढंच म्हटलं. ती गेल्यावर लॅबचं दार आतून लावून रतिलालभाईंना फोन केला. ते विसरवाडीला हायवेवरच्या एका दवाखान्यात मशीन बसवत होते. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. मी रडत सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला हात लावू दिला, हेही सांगितलं. आता शिव्या बसणार म्हणून डोळे मिटून घेतले.

शिव्या बसल्या नाहीत.

"पेनड्राइव्ह लायना व्हता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी गुरुवारे सकाय येसू. तोपर्यंत तू रोज करस तसंच कर."

"म्हणजे? मशीन बंद करून ठेवू ना?"

"नही. चालू कर. रोजना सारखा पासवर्ड टाक."

"भाई, तो वाचेल ना!"

"वाचू दे त्याले."

"अहो पण..."

"फोनले कान ऱ्हातस," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मशीन चालू करून बसायची आणि त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहायची. वाटायचं, तिच्या मागे डोळे आहेत. एकेक अक्षर दाबताना कुणाच्या तरी तोंडात सुनंदाचं नाव घालतेय असं वाटायचं. दाबलं की ठिपके यायचे, तीन, मग एकही नाही, मग दोन. एरवी त्या ठिपक्यांचा मला वैताग यायचा, आता मी ते मोजत बसायची. पेशंटना मी पहिल्यांदाच मनापासून भिंतीकडे फिरवलं. त्यांच्या पाठी बघून मला वाटलं, यांतल्या प्रत्येकाचं काहीतरी या मशीनमध्ये आहे आणि मी ते एका विक्षिप्त माणसाच्या भरवशावर सोडलंय. तो माणूस मॅडमच्या चष्म्याला घाबरतो. तो काय वाचवणार?

बुधवारी दुपारी घरी मुलगी म्हणाली, आई, तू भाजीत दोनदा मीठ टाकलंस. मी तिच्यावरच ओरडले.

मॅडमना मी कळवलं. त्या म्हणाल्या, कल्पना, मशीनची वायर काढ आणि कपाटात ठेव. मी वायरला हात घातलाही. पण रतिलालभाई म्हणाले होते, रोज करतेस तसंच कर. इतक्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदाच मला घाबर असं सांगितलं नव्हतं. मी वायर सोडली.

गुरुवार उजाडला. दहा वाजले तरी रतिलालभाईंचा पत्ता नव्हता. मी रस्त्याकडे बघायला दारात गेले. समोरच्या चहाच्या गाडीवर प्रिंटरवाला बसला होता. त्याच्या शेजारी पांढरी टोपी घातलेला एक दांडगा माणूस. दोघं माझ्याकडेच बघत होते. त्या दांडग्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तो कोण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

प्रिंटरवाला उठून आत आला. "काय ताई, चालतोय ना प्रिंटर? बघून घेतो एकदा."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी बाजूला झाले. तेवढ्यात एक आजोबा रक्त द्यायला आले, उपाशीपोटी, थरथरत. मी त्यांना आतल्या खोलीत घेतलं. मधे काचेचं पार्टिशन आहे. आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर सापडली, सुई घातली, आणि मान वर केली तर काचेतून दिसलं की तो माझ्या खुर्चीत बसलाय.

सुई आजोबांच्या हातात. रक्त नळीत चढतंय. मला हलता येईना. त्याने पेनड्राइव्ह लावला. काहीतरी उघडलं, वाचलं, मान डोलावली. मग माझा प्रोग्रॅम सुरू केला. पांढरी पट्टी पडद्यावर आली.

"पोरी, भरनी ना ती शिशी?" आजोबा म्हणाले.

नळी भरली होती. मी सुई काढली, कापूस दाबून धरला, आणि तो कापूस सोडून पळावं की धरून ठेवावं, हेच मला कळेना. तो बटणं दाबत होता. एकेक, सावकाश, समोर वाचून. मग त्याने एन्टर दाबलं.

पडदा काळा झाला. त्यावर मोठी लाल अक्षरं आली. काचेपलीकडूनही मला वाचता आली:

वाकीसन पाहनारा, मांगे देख.

त्याने खरंच मागे वळून पाहिलं. दारात रतिलालभाई उभे होते.

मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. कपाळावर घाम होता, शर्टाची गुंडी गळ्याशी ताणली गेली होती, एक हात दाराच्या चौकटीला घट्ट. पण आवाज शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द सुटा.

"तुम्ही आत्ता जो शब्द टाकला, तो या मशीनवर कुणाचाच पासवर्ड नाही. ताईंचा नाही, मॅडमचा नाही. तो या डबीत मी ठेवलेला आहे. डबीला चोरून विचारणाऱ्यालाच ती तो सांगते. तुम्हाला कुठून मिळाला?"

प्रिंटरवाला उठला. रतिलालभाई दारातून बाजूला झाले नाहीत. तो त्यांना ढकलून गेला. ते चौकटीवर आपटले, पण पडले नाहीत. बॅग आणि पेनड्राइव्ह तिथेच राहिले. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, मग दुसरी. चहाच्या गाडीवर टोपीवाल्याचा अर्धा चहा तसाच होता.

रतिलालभाई खाली स्टुलावर बसले. मी पाणी दिलं तर ग्लास दातांवर वाजायला लागला.

"सांगायचं तरी होतं मला," मी म्हटलं. आता मला रागही येत होता. "दोन दिवस मेले मी."

"सांगं असतं तर तुन्हा तोंडवर दिसतं. तो परत येता नही."

मग त्यांनी डबीचं सांगितलं. मी दाबलेलं अक्षर डबीत राहतच नाही. ते पडल्या पडल्या त्यांचा प्रोग्रॅम उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. डबीत त्यांनी स्वतःचा एक खोटा शब्द ठेवलेला असतो. मला दिसतात ते ठिपकेही खोटेच. बाहेरच्या प्रोग्रॅमने विचारलं तर डबी मोठ्या प्रेमाने तो खोटा शब्द सांगते. आणि तोच शब्द कुणी परत टाकला, तर मशीन बंद. मग ते स्वतः आल्याशिवाय उघडत नाही. त्यांनी ती बॅग रुमालाने धरून बाजूला ठेवली. मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या आणि ती घेऊन पोलिसांकडे गेल्या, कुठल्याही पेशंटचं नाव न घेता तक्रार दिली. तो प्रिंटरवाला परत दिसला नाही. पण हे नंतरचं.

त्या दिवशी अर्ध्या तासातच सुनंदा आली. येताना तिने दीर आणि तो माणूस मोटरसायकलवरून भरधाव जाताना पाहिले होते. चेहऱ्याचा रंग गेला होता. मी तिला आत बसवलं, काय झालं ते सांगितलं. त्यांना काहीच मिळालं नाही, असं तीनदा सांगितलं. तिला पटत नव्हतं.

"आज नही मिळनं, उद्या दुसराले धाडी," ती म्हणाली. "कॉम्प्युटरमां नही सापडनं तर घरमां धुंडी. ताई, घरमां गोयानी बाटली शे. पीठना डबामां दपाडेल शे. मी ठरायेल शे, आजपासून बंद."

"काय बंद?"

"गोया. बाटली तापीमां टाकी देस. कागद नही, बाटली नही, तर तो काय दाखाडी?"

गोळ्या बंद केल्या तर काय होतं हे मी मशीनवर रोज बघते. ते तिला सांगायला लागले. आकडे, पेशी, धोका. ती ऐकत नव्हती. घाबरलेल्या माणसाला आकडे ऐकू येत नाहीत.

काचेपलीकडे रतिलालभाई मशीन उघडून बसले होते. पेशंटशी ते कधी बोलत नसत. पेशंट आत असला की ते बाहेर जात, नाव कानावर पडायला नको म्हणून. आता ते उठले, हातातला पेचकस टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"बहीन, गोया बंद नही करानी," ते म्हणाले.

सुनंदा दचकली. पदर सावरला. माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला विकलंय.

"तुम्हले काय माहीत?" ती त्यांना म्हणाली.

रतिलालभाईंनी शर्टाची वरची गुंडी उगाचच चाचपली. "पहिले मी नवापूरकडे एक लॅबले प्रोग्रॅम दियेल व्हता. साधी डबी. कोनी तरी ठिपकासना मांगेथून पासवर्ड वाचा आनि एक ड्रायव्हरनं नाव बाहेर गयं. त्याले गाव सोडनं पडनं. मी त्याले मोटारमां बसताना देखं. एक पिशवी व्हती फक्त. मन्हा डबीनी त्यानं नाव सांगं." ते थांबले. "आनि त्यानंतर तीन महिनामां मन्हा सोताना रिपोर्ट उना."

सुनंदाने मान वर केली.

"मी बी तीच गोयी लेस," ते म्हणाले. "अकरा वरीस व्हयनात. देख ना मन्हाकडे. मोटरसायकल चालाडस, केळीना घड उचलस. काही व्हयनं नही."

मी त्यांना आठ वर्षं ओळखत होते. दर पंधरा दिवसांनी ते यायचे, चहा प्यायचे, मला घाबरट म्हणायचे. मी खाली मान घालून टेबलावरच्या रिकाम्या नळ्या उगाच सरळ करत राहिले.

सुनंदाने त्यांच्याकडे बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "भाऊ, तुमना घरमां कोनले माहीत शे?"

"कोनलेच नही."

"अकरा वरीसमां कोनलेच सांगं नही?"

रतिलालभाईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, जणू मोजत होते.

"आते तुम्हले दोन्हीसले," ते म्हणाले.

सुनंदाने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बठा ना, भाऊ," ती म्हणाली. ते बसले. खुर्चीच्या अगदी काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत पहिल्या दिवशी बसावं तसे.

"तुम्ही कितीले लेतस?" तिने विचारलं.

"सकाय नऊले. रोज."

तिने मान हलवली. माझ्या टेबलावरचा आपला रिपोर्ट उचलला, त्याची बारीक घडी घातली आणि ती पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली सारली.

"मंग मी बी नऊलेच लेसू," ती म्हणाली.